मोर्न रूजचा पाटकरी

गोकुळ नांद्रेला ती नोकरी हुशारीमुळे लागली नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हुशार माणसं त्या मुलाखतीला पैशाला पासरी होती. जपानची होती, इटलीची होती, ज्वालामुखीवर जाडजूड ग्रंथ लिहिलेली होती. त्यांच्या रांगेत धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला, उभा जन्म धरणांवर पंप बसवण्यात घालवलेला हा अठ्ठेचाळीस वर्षांचा गडी. बायको लग्नानंतर तीन वर्षांत सोडून गेलेली, मूलबाळ नाही, इंग्रजी कामापुरतं. विमानाचं तिकीट फुकट मिळालं म्हणून आलो, एवढंच त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं.

पण समितीनं शेवटी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. लाव्हा कुणाच्या घरावर जाऊ द्यायचा हे उद्या तुम्ही ठरवणार, मग लोकांनी तुमच्यावर भरवसा का ठेवावा? बाकीचे गणितावर बोलले, संगणकावर बोलले. गोकुळ पांझरा नदीवर बोलला.

पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखाली शेतांचे फड असतात, आणि कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं हे पाटकरी ठरवतो. गोकुळचे वडील हिरामण पाटकरी होते, आजोबाही. गावाची रीत अशी, की ज्याची त्या पाटाखाली गुंठाभर जरी जमीन आहे त्याला पाटकरी करायचं नाही. पाण्याची पाळी चालू असताना फडातल्या कुणाच्या घरी घोटभर चहासुद्धा घ्यायचा नाही. आणि समजा, पाटकऱ्याची मुलगीच त्या फडातल्या घरात दिली, तर त्यानं फावडं बंधाऱ्यावर ठेवायचं, पंचांना सांगायचं आणि बाजूला व्हायचं. पुढे त्या पाळीबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही. सल्लासुद्धा द्यायचा नाही, कारण सल्ला आपल्या माणसाच्याच बांधाकडे वाहतो.

समिती खूष झाली. नोकरी तर दिलीच, वर नियमांच्या पुस्तकात ही सगळी रीत जशीच्या तशी घातली. नियंत्रकाचं, म्हणजे लाव्हा वळवणाऱ्याचं, डोंगराच्या उतारावर कुणी नातलग नसावं, मालमत्ता नसावी. हजार मीटरच्या खाली कुणाच्या घरी त्यानं अन्न घेऊ नये. हितसंबंध निर्माण झालाच तर कळवून बाजूला व्हावं आणि सल्ला देऊ नये. म्हणजे गोकुळच्या पायातली बेडी गोकुळनंच घडवली. तेव्हा मात्र त्याची छाती अभिमानानं फुगली होती.

समितीला हा प्रश्न का पडला तेही सांगायला हवं. पूर्वी ज्वालामुखी फुटला की लोक डोंगराला शिव्या घालत किंवा देवाला. कुणाचं घर गेलं तर नशीब म्हणत आणि दुसरीकडे चूल मांडत. लाव्हा वळवता यायला लागला आणि नशीब हा शब्दच निकालात निघाला. जे जळलं ते कुणीतरी जळू दिलं, असा सरळ हिशेब झाला. पहिल्याच एका बेटावर नियंत्रकानं प्रवाह वळवला, त्यात त्याच्या सासऱ्याचा कॉफीचा मळा नेमका वाचला. गणितानं तो तसाही वाचणार होता म्हणे. पण ऐकतो कोण? आपल्या पोळीवर तूप ओढलं म्हणून लोकांनी त्याचं घर पेटवलं, ज्याला लाव्हानं धक्काही लावला नव्हता.

वळवण्याची युक्ती मुळात जुनीच. गेल्या शतकात आइसलंडमधल्या एका बंदरावर लोकांनी समुद्राचं पाणी मारून मारून लाव्हा थोपवला होता. लाव्हाचा स्वभाव अर्धा पाण्यासारखा असतो. उतार दिसला की तो निघतो. पण अकराशे अंशांचा हा रस वाहता वाहता कडेनं थिजतो आणि स्वतःचे काठ स्वतःच बांधतो. वरून साय धरते, साय जाड होऊन तिचं छत होतं, आणि छताखालच्या नळीतून रस न निवता मैलोन्मैल जातो. नेमक्या जागी पाणी मिळालं की काठ लवकर जाड होतो आणि प्रवाह अंग चोरून दुसरीकडे वळतो. नवीन होतं ते एवढंच, की आता उतारभर खोल भोकं पाडून त्यात नळ बसवले होते आणि समुद्राचं पाणी खालून, हव्या त्या जागी सोडता येत होतं.

दुसरी नवी गोष्ट डोंगराच्या आत बघण्याची. आकाशातून म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण अखंड पडत असतात, आपल्या तळहातातून दर सेकंदाला एखाददुसरा आरपार जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. घट्ट खडकात ते जास्त अडतात, वितळलेल्या रसात कमी. डोंगराच्या पलीकडे त्यांची मोजणी करत राहिलं की पोटातला रस कुठे चढतोय याचं चित्र मिळतं. डॉक्टर छातीचा फोटो काढतो, त्यातलाच प्रकार. फुटण्याआधी तीन दिवस कळायचं.

अशा रीतीनं २०५१ साली गोकुळ हिंदी महासागरात, मॉरिशसच्याही पुढे, सें-ब्रीस नावाच्या बेटावर जाऊन पोचला. बेट म्हणजे अख्खा एक डोंगरच, मोर्न रूज. नावाचा अर्थ लाल टेकडी, पण टेकडी कसली, अडीच हजार मीटरचा दांडगा पहाड. सोळाशे मीटरवर नियंत्रण केंद्र होतं. तिथे गोकुळ आणि दुसरी नियंत्रक रासोआ, पंचावन्न वर्षांची मादागास्करची बाई, आळीपाळीनं पंधरा-पंधरा दिवस पहारा करायची, आणि डोंगर हलायला लागला की दोघंही केंद्रावर थांबायची. ती सज्जन होती, पुस्तकाबाहेर पाऊल टाकायची नाही, आणि कामाखेरीज बोलायचीही नाही.

डोंगराशी गोकुळची ओळख पटायला वेळ लागला नाही. साक्रीकडे माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या आहेत. लहानपणी त्याला वाटायचं, कुणी राक्षसानं बांध घातलेत. मोठेपणी कळलं, की जमिनीला भेगा पडल्या, त्यातून रस वर आला आणि भेगेतच थिजला. मग भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि भेगेतला कठीण दगड भिंत होऊन राहिला. तशीच एक भिंत इथे चौदाशे मीटरवर होती. कड्यांमध्ये काळ्या थरांच्या अधूनमधून गेरूच्या लाल रेघा होत्या, अगदी सह्याद्रीच्या घाटात असतात तशा. काळा थर म्हणजे एक वाहणं. लाल रेघ म्हणजे दोन वाहण्यांच्या मधली शांतता, जिच्यात दगडाची माती झाली आणि पुढच्या रसानं ती भाजून काढली. दगड ओळखीचा, पण बोलायला माणूस नाही. अकरा महिने त्यानं मराठीचा एक शब्द ऐकला नाही, आणि स्वतःशी बोलायची त्याला सवय लागली.

मग एका सोमवारी सामान घेऊन येणारी गाडी केंद्राच्या फाटकापाशी बंद पडली. एरवी ही गाडी खोकी फाटकात ठेवून, भोंगा वाजवून निघून जायची, नियमच तसा. त्या दिवशी चालवणारी बाई खाली उतरली, तिनं झाकण उघडलं, आणि ती इंजिनाला मराठीत शिव्या द्यायला लागली.

शेवंती भिवाजी तिचं नाव. वय चव्वेचाळीस, नवरा मासेमारीला गेला तो परत आला नव्हता, त्याला नऊ वर्षं झाली होती. तिच्या खापरपणजोबांच्या वडिलांना रत्नागिरीकडून ऊस तोडायला आणलं होतं. मजुरीचा करार संपल्यावर मळेवाल्यांनी त्या लोकांना बेटावरची सगळ्यात रद्दड जमीन दिली, नुकत्याच निवलेल्या लाव्हाचा धारदार माळ, ज्यावर गवतही उगवत नव्हतं. त्यांनी खालच्या ओढ्यातून टोपल्यांनी माती वाहिली, पिढ्यानपिढ्या वाहिली, आणि तिथे, हजार मीटरच्या बरंच खाली, नवं राजापूर वसलं. तीनशे बारा माणसं, एक शाळा, काळ्या दगडाचं एक गणपतीचं देऊळ. शेवंतीची मराठी जुनी होती, मधूनमधून बेटावरचे शब्द घुसायचे. पण गोकुळला ती इतकी गोड लागली, की क्लच दुरुस्त झाला तरी तो आणखी अर्धा तास नट आवळत बसला.

पुढच्या सोमवारी तिनं भोंगा वाजवला नाही. फाटकाबाहेरच्या दगडावर ती बसली, फाटकाच्या आतल्या दगडावर तो बसला. नियम कुठेही मोडला नव्हता. ती त्याला 'पाटकरी' म्हणायला लागली, तेही चिडवूनच, कारण त्यानं आपल्या घराण्याची थोरवी पहिल्याच भेटीत ऐकवली होती.

तिच्या घरामागे व्हॅनिलाच्या वेली होत्या. या वेलीचं फूल एकाच सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. त्यावर बसणारा किडा या बेटावर नाही, म्हणून माणसानं प्रत्येक फुलापाशी जाऊन काडीनं आतला पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं दाबायचं, तेव्हा कुठे शेंग धरते. हंगामात हात कमी पडतात, असं ती एकदा सहज बोलून गेली. गोकुळ सुट्टीच्या सकाळी उतरून गेला. फुलं झाली, ऊन चढलं, तिनं घावन करून पानात वाढले, आणि त्यानं खाल्ले. कितीतरी वर्षांनी त्याला कुणी समोर बसून, अजून एक घ्या, असं म्हटलं होतं.

त्याला कळत होतं, नाही असं नाही. वर चढताना तो स्वतःला समजवायचा, की घावन म्हणजे काही जमीन नव्हे. पण तिसऱ्या वर्षी त्यानं तिच्या भिंतीला लागून अकरा वेली स्वतःच्या हातानं लावल्या, दर सुट्टीला त्यांना आळं करायला तो जायला लागला, आणि मग समजवायचंही सोडून दिलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. लग्नाचं कुणीच काढलं नाही. लग्न झालं तर त्याला बेट सोडावं लागलं असतं, आणि ती माती सोडून कुठे जाणार नव्हती.

पाचव्या वर्षी ऑक्टोबरात म्यूऑनच्या चित्रात आग्नेयेकडे एक उजळ डाग सरकायला लागला. तीन दिवस मिळाले. नवं राजापूर आणि बंदराचा वरचा भाग रिकामा करायचा हुकूम निघाला. माणसं, गुरं, कोंबड्या सगळं ट्रकांतून बंदरातल्या शाळेत गेलं. जीव कुणाचाच जाणार नव्हता, तेवढी विद्या आता आली होती. निघण्याआधी शेवंतीनं केंद्रावर फोन केला. काय होईल, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, घरातलं सगळं बाहेर काढा आणि निघा. तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. एका शब्दानं तिनं काही मागितलं नाही. मागितलं असतं तर त्याला निदान नाही तरी म्हणता आलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला काळ्या भिंतीच्या थोडं वर जमीन उसवली. लाल रसाचा पडदा उभा राहिला, आणि रस भिंतीच्या दिशेनं निघाला. भिंतीखाली तीन घळी होत्या. डावी बंदरावर उतरायची. तिथे नऊ हजार लोकांची वस्ती, आणि बेटावरचा पिण्याच्या पाण्याचा एकुलता एक झरा. उजवी नव्या राजापुरावर. मधली अरुंद, निर्मनुष्य, सरळ समुद्राच्या कड्यावर संपणारी. पण तिचे काठ भुसभुशीत राखेचे होते. तिच्यात रस टिकणार नाही, काठ फुटतील आणि दोन्ही बाजू जातील, असं पुस्तक सांगत होतं. यश येण्याची शक्यता चारात एक. म्हणून पुस्तकाचा आदेश स्वच्छ होता, उजवीकडे वळवा.

गोकुळचं मत वेगळं होतं. पुस्तकात सगळीकडे वरून पाणी सोडायला सांगितलं होतं. पण पाटाचं पाणी शेवटच्या शेतापासून वर वर देत येतात, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. त्यानं हिशेब केला होता. मधल्या घळीचं खालचं टोक आधी भिजवावं, मग त्याच्या वरचा टप्पा, असं करत डोक्यापर्यंत यावं. ओली राख थंड असते, तिला टेकला की रस लगेच साय धरतो, आणि तळापासून काठ बांधलेला असला की मागच्या रसाला तुंबून फुटायचं कारण उरत नाही. दोन वर्षं रिकाम्या वेळात त्यानं एका वहीत हे गणित मांडलं होतं. त्याच्या गणितानं शक्यता दहात आठ होती.

दोन वर्षं. म्हणजे कधीपासून? हा प्रश्न त्याला त्या सकाळी पडला. वहीचं पहिलं पान त्यानं उलटून पाहिलं. वेली लावल्या त्याच्या पुढच्याच आठवड्यातली तारीख होती. पंपाच्या एका आकड्यापाशी त्यानं ढिलाई केली होती का? राखेचा ओलावा त्यानं हवा तेवढा धरला होता का? पुन्हा पुन्हा बघूनही त्याला चूक सापडत नव्हती, आणि सापडत नाही म्हणूनच भीती वाटत होती. हे गणित खरं आहे म्हणून मला पटतंय, की ती भिंत, ती वेल, ते अंगण वाचावं म्हणून पटतंय? हे त्याला ओळखता येईना. आणि चुकलं तर नऊ हजार लोकांचं पाणी जाणार होतं. त्याच्या शेजारी एकही माणूस नव्हता ज्याला हे विचारावं. एकटी रासोआ होती, आणि तिला विचारणं म्हणजे सल्ला देणंच झालं असतं.

हिरामण पाटकऱ्यांनी काय केलं असतं हे मात्र त्याला लख्ख ठाऊक होतं. त्यानं गळ्यातलं नळांच्या किल्लीचं कार्ड काढलं आणि रासोआच्या टेबलावर ठेवलं.

"उतारावर माझं माणूस आहे," तो म्हणाला. "राजापुरात. मी बाजूला होतो."

रासोआनं एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. पहाऱ्याच्या नोंदीत तिनं वेळ लिहिली, नऊ वाजून बावीस मिनिटं. निर्णयाला चाळीस मिनिटं उरली होती. ती संगणकाच्या पडद्याकडे वळली, तिनं आकडे लावले, आणि मग तिचा हात थांबला. बाई पुस्तकी असली तरी निर्दय नव्हती. तीनशे बारा माणसांचं गाव तिच्या बोटाखाली होतं.

"मधल्या घळीबद्दल तुमचं काय मत आहे?" तिनं विचारलं.

वही गोकुळच्या काखेत होती. त्यानं ती आणखी घट्ट दाबली.

"नियंत्रक म्हणून नाही विचारत. तुम्हाला पाण्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं म्हणून विचारतेय."

"मला विचारू नका," तो म्हणाला.

तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. दहा वाजता तिनं उजवीकडच्या घळीचं तोंड मोकळं ठेवून डावीकडच्या आणि मधल्या घळीच्या तोंडाचे बावन्न नळ उघडले. वाफेचा डोंगर उठला, भिंतीपाशी रस अडखळला, आणि उजवीकडे वळला.

लाव्हा फार घाई करत नाही. म्हातारं माणूस चालेल तेवढ्या वेगानं तो खाली गेला, सपाटीवर तर त्याहूनही हळू. गोकुळ सगळं पडद्यावर बघत बसला. रासोआनं त्याला दोनदा झोपायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा गेली, मग देऊळ, मग भिवाजींचं घर. आधी वेली पेटल्या, मग भिंत आत कोसळली, आणि मग तिथे नुसता काळा, तडकणारा, पुढे सरकणारा ढीग होता. एका दिवसात ती माती पुन्हा पहिल्या दिवसावर गेली. त्यावर आता आधी शेवाळं येणार, मग नेचे, मग कधीतरी गवत.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. वरून रसाचा नवा लोट आला, उजवी घळ भरली होती, म्हणून जादाचा रस भिंतीवरून ओसंडून आपणहून मधल्या घळीत उतरला. घळीतले नळ उघडायलाही कुणाला सवड मिळाली नाही. त्या आठवड्यात समुद्राकडून पाऊस लागला होता आणि राख खालपासून भिजलेली होती. काठ धरले. रस एकदाही बाहेर न सांडता सरळ कड्यावरून समुद्रात पडला आणि पाच दिवस पडत राहिला. त्यातून समुद्रात तीस एकरांची नवी जमीन तयार झाली, बेटाच्या नकाशाला एक नवं टोक आलं.

रासोआ पडद्यावरून त्याच्याकडे वळली. ती हळूच म्हणाली, तुम्हाला माहीत होतं.  चौकशी बसली तेव्हा त्यानं वही आपण होऊन पुढे ठेवली, लपवण्यासारखं त्याच्यापाशी आता काही उरलं नव्हतं. ती भर सभेत वाचली गेली. तज्ज्ञांनी गणित तपासलं आणि सांगितलं, की त्यात कुठे चूक नाही.

सहा आठवड्यांनी राजापूरच्या लोकांना मॉरिशसला न्यायला जहाज आलं. तिथल्या मराठी मंडळींनी त्यांची सोय करायचं कबूल केलं होतं. गोकुळ बंदरावर गेला. लोक त्याच्याकडे बघत होते, पण कुणी अंगावर आलं नाही, शिवीही दिली नाही. ते त्याला वाट करून देत होते आणि तेच त्याला सहन होईना. शेवंती एका पत्र्याच्या पेटीवर बसली होती. त्याला पाहून ती उठली नाही.

"वही तुमचीच ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मग ती बाई विचारत होती तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यानं सांगितलं. जसं होतं तसंच सांगितलं, की मला माझाच भरवसा वाटला नाही. तुमचं घर वाचावं म्हणून मी आकडे ओढूनताणून बसवलेत की काय, हे मला कळेना. मग माझ्या शब्दावर नऊ हजार लोकांचं पाणी कसं टाकू?  तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही खोटं वागला नाहीत, एवढं मला कळतंय," ती म्हणाली. "तुमच्यावर माझा राग नाही. पण त्या गावात तीनशे बारा माणसं होती, पाटकरी, आणि त्यातली मी एकटी तुमची होते. माझ्या एकटीपायी बाकीच्या तीनशे अकरांना तुमचं डोकं मिळालं नाही. तुम्ही आमच्या दारात कधी आलाच नसता, तर आज गाव उभं असतं."

 ती बरोबर बोलत होती.

"माझ्याबरोबर या असं म्हणेन असं वाटलं होतं मला," ती पुढे म्हणाली. "काल दिवसभर ठरवत होते. पण गावाच्या पंगतीत तुम्ही माझ्या शेजारी बसलात की प्रत्येक जण हेच मोजेल. मीसुद्धा मोजेन."

मग तिनं पेटीची एक कडी धरली. दुसरी कडी त्यानं धरली, आणि दोघांनी मिळून पेटी जहाजाच्या शिडीपर्यंत नेली. तिथे एका खलाशानं ती त्याच्या हातातून घेतली. शेवंती वर गेली आणि गर्दीत मिसळली. जहाज सुटेपर्यंत गोकुळ तिथेच थांबला, पण ती कठड्यापाशी आली नाही.

जानेवारीत समितीचं पत्र आलं. नियंत्रक नांद्रे यांनी हितसंबंध स्वतःहून जाहीर केला आणि सल्ला देण्यासही नकार दिला, ही निःपक्षपातीपणाची सर्वोच्च कसोटी आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्यांची वही नव्या पुस्तकात धडा म्हणून घेतली जाईल. जुना हितसंबंध संपुष्टात आलेला असल्यानं त्यांना आणखी दहा वर्षांची मुदत देण्यात येत आहे. सोबत एक साधा अर्ज होता, तेवढा भरून पाठवायचा. रासोआनं अभिनंदन केलं, मनापासून केलं, आणि पंप तपासायला ती बाहेर निघून गेली.

गोकुळ अर्ज घेऊन खिडकीपाशी बसला. खाली उजव्या घळीतून समुद्रापर्यंत काळा पट्टा पसरला होता, आणि पावसाच्या सरीनंतर त्याच्यातून अजून वाफा निघत होत्या. साक्रीला परत जावं असं त्याच्या मनात आलं. पण तिथेही वाट बघणारं कोण होतं? नाव, वय, शिक्षण त्यानं भराभर लिहिलं. चौथा रकाना होता, बेटावर आपलं कुणी नातलग, स्नेही अथवा मालमत्ता आहे काय. त्या रकान्यापाशी त्याची सकाळची दुपार झाली.

शेवटी त्यानं 'नाही' असं लिहिलं, खाली सही केली, आणि टेबलावर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला.